जैतापूर: अणुवीज खरंच शाश्वत आहे का?

राजापूरकर
अणुवीज 'स्वच्छ आणि शाश्वत' आहे असं कोणी म्हणालं की माझा पहिला आक्षेप किरणोत्सर्गाचा नसतो, वेळेचा आणि पैशाचा असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर प्रकल्पात, म्हणजे माडबनला, 1650 मेगावॅटच्या सहा ईपीआर (फ्रेंच बनावटीच्या मोठ्या अणुभट्ट्या) भट्ट्यांचा आराखडा आहे. याच जातीच्या फ्रान्समधल्या फ्लामांव्हिलच्या भट्टीचं बांधकाम 2007 ला सुरू झालं आणि ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये. खर्च 330 कोटी युरोंवरून 1300 कोटींच्या वर. फिनलंडची ओल्किलुओतो 3 सुद्धा 2005 ला सुरू होऊन 2023 मध्ये नियमित वीज देऊ लागली. ज्यांचं तंत्रज्ञान त्यांच्याच घरी ही गत, तर आपल्याला युनिट कितीला पडेल? जमीन मात्र कधीच घेऊन झाली. एप्रिल 2011 मध्ये साखरी नाट्याला प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीवही गेला.

चंद्रपूरकर
दादा, त्या माणसाचा जीव गेला हे वाईटच झालं. पण तुमच्याकडे भट्टी होत नाही तोवर वीज येते ती आमच्या उशाशी कोळसा जाळून. 2920 मेगावॅटचं केंद्र, भोवती खाणी, वर राख. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) 2014 च्या अहवालात कोळशाच्या एका युनिटमागे 820 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरलाय, अणुविजेच्या 12 ग्रॅम, तोही खाणकाम-बांधकाम सगळं मोजून. अणुभट्टीत अपघात झाला तर माणसं मरतात. कोळशाचं केंद्र सुरळीत चालू असतानाच मारतं.

राजापूरकर
12 ग्रॅम मान्य. पण 2010 मध्ये फ्रेंच कंपनीशी करार झाला, त्यातून आजवर एक युनिट वीज निघालेली नाही. एवढी वर्षं कोळसाच जळला ना?

जुना अभियंता
ईपीआर म्हणजे अख्खी अणुऊर्जा नव्हे. आपल्या जड पाण्याच्या (साध्या पाण्याऐवजी जड हायड्रोजनचं पाणी वापरणाऱ्या) भट्ट्या बघा. कर्नाटकातली कैगा 1 सलग 962 दिवस चालली. गुजरातेत काकरापारला 700 मेगावॅटचे दोन स्वदेशी संच उभे राहिले. संध्याकाळी सातला सौर पॅनेल शून्यावर असतं आणि मागणी चढलेली असते, तेव्हा असा अखंड आधार लागतोच. माझं मत विचाराल तर आयात भट्टीचा हट्ट सोडा, स्वदेशी बांधा.

नाटे बंदर
काकरापार 3 चं काम 2010 ला सुरू झालं आणि व्यापारी वीज 2023 मध्ये! हे जलद म्हणायचं का?
आणि भट्टी देशी असो की फ्रेंच, उष्णता जाणार समुद्रातच. ईपीआर जेवढी वीज देते त्याच्या जवळपास पावणेदोनपट उष्णता थंड करायच्या पाण्याबरोबर बाहेर पडते. अशा सहा भट्ट्या एकाच किनाऱ्यावर! बांगडा, कोळंबी त्या पाण्यात टिकेल याची हमी मच्छीमाराला कोण देणार?
कचऱ्याचंही तेच. इंधनावर पुनर्प्रक्रिया होते, उरलेला कचरा काचेत गोठवतात, हे ठाऊक आहे. पण तो कायमचा ठेवायला खोल भूगर्भातली जागा भारतात अजून एकही नाही. प्लुटोनियम निम्मं व्हायलाच 24,000 वर्षं लागतात.

जुना अभियंता
कचऱ्याचं प्रमाण थोडं असतं आणि प्रत्येक किलोचा हिशेब राहतो. कोळशाच्या राखेचा कोण ठेवतो? गरम पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. एका जागी सहा नकोत, हे मीही म्हणेन.

राजापूरकर
मग तोच पैसा सौर पॅनेलांत आणि घाटातल्या पंप साठवण प्रकल्पांत घाला. दिवसा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. घाटघरचा अनुभव आहे आपल्याकडे.

चंद्रपूरकर
घाला, माझा पाठिंबा आहे. फक्त त्या आराखड्यात चंद्रपूरचा कोणता संच कोणत्या साली बंद होणार, हेही लिहा.