एकरकमी साठ हजार घेऊन सही करावी का?

कागल_वसाहत: सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडलेल्या एका गारमेंट युनिटमधल्या बायकांपुढे मालकाने कागद ठेवलाय. आठ वर्षं झालेल्या टेलरला सगळे मिळून ६०,००० आणि सोबत राजीनाम्यावर सही. माझं मत: सही करू नये.

बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १३,००० धरा. २६ ने (महिन्याचे कामाचे दिवस) भागून १५ ने गुणलं की वर्षाला ७,५००, आठ वर्षांचे ६०,०००. ही नुसती ग्रॅच्युइटी झाली, ती राजीनामा दिला तरी मिळतेच! युनिट बंद पडलं तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली) २५-एफएफएफ कलमाची, कारखाना बंद झाल्याची भरपाई वेगळी: वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे अर्ध्या महिन्याचे ६,५०० प्रमाणे ५२,०००. महिन्याची नोटीस दिली नसेल तर वर आणखी १३,०००. राजीनामा दिला की हे ६५,००० गेले, कारण कागदोपत्री बाई आपणहून सोडून गेली.

शाहूपुरी_४: हिशेब पटला, पण पैसे येणार कुठून? ओव्हरलॉक शिलाई मशीनपासून कटिंग टेबलापर्यंत सगळं बँकेकडे तारण असतं. वसुलीसाठी कोर्टात गेलात (जुन्या कायद्यातलं ३३-सी(२) कलम) आणि मालक म्हणाला, "ह्या ठेकेदाराच्या कामगार", तर हक्क आधी वेगळ्या विवादात ठरवून आणावा लागतो. त्यात वर्षं जातात. घरभाडं, पोरांची फी थांबत नाही. हातात येतंय ते घ्यावं.

कागल_वसाहत: "ठेकेदाराच्या" म्हणणं खोडायला पीएफचं पासबुक आजच डाउनलोड करा. महिन्याचा भरणा कोणाच्या कोडवर झालाय ते त्यात दिसतं. ईएसआय कार्ड आणि पगाराच्या स्लिपा जोडा. हजेरीचं मशीन मालकाकडेच राहतं, त्यावर विसंबू नका.

शाहूपुरी_४: आणि मालकाने तोटा दाखवला तर? भरपाई तीन महिन्यांच्या पगारावर अडते ना?

हातकणंगले_लाइन: नाही. ती मर्यादा मालकाच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी आहे. केवळ तोटा झाला किंवा माल पडून राहिला, ही तशी कारणं नव्हेत, असं त्याच कलमात लिहिलंय. कामगार पन्नासपेक्षा कमी असले तरी भरपाई लागू होते. पन्नासची अट सरकारला द्यायच्या साठ दिवसांच्या नोटिशीला आहे.

तरी शाहूपुरींचा मुद्दा मी सोडणार नाही, पैसा लवकर हवा. म्हणून दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालू नका. ग्रॅच्युइटीला नोकरीची वर्षं आणि शेवटचा पगार एवढंच सिद्ध करायचं असतं. आधी अर्ज (१९७२ च्या नियमांत नमुना 'आय') मालकाला रजिस्टर पोस्टाने, ग्रॅच्युइटी नाही दिली तर दुसरा अर्ज (त्याच नियमांत नमुना 'एन') नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी.

भरपाईत तडजोड करायची असेल तर कारखान्याच्या गेटवर नको. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) करार करा; जुन्या कायद्यात हा १२(३) चा करार होता. त्यात राजीनामा नको, "कारखाना बंद झाल्याने" असे शब्द हवेत आणि प्रत्येकीच्या नावापुढे रक्कम व तारीख. हप्ता चुकला तर थेट वसुलीचा दाखला मागता येतो (जुन्या कायद्यात ३३-सी(१) खाली), मुदत एक वर्ष.

शाहूपुरी_४: असा करार होणार असेल तर ग्रॅच्युइटी धरून ९०,००० वरही मी हो म्हणेन. पण पहिला हप्ता सहीच्याच दिवशी, डिमांड ड्राफ्टने. पुढच्या तारखेचे चेक नकोत.