कर्बोदकं आणि प्रोस्टेट कॅन्सर: कमी खाल्ली तर धोका खरंच घटतो?
(ही प्रश्नोत्तरांची चर्चा आहे; प्रत्येक भागाआधी बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रिकामी ताटली:
'साखर कॅन्सरला पोसते' हे वाक्य सगळीकडे फिरतंय. प्रोस्टेटपुरतेच (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) दोन प्रश्न. जेवणातली एकूण कर्बोदकं आणि हा कॅन्सर यांचा संबंध अभ्यासांत दिसलाय का? आणि उपचारांनंतर पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) पुन्हा चढायला लागलेल्या रुग्णाने कर्बोदकं दिवसाला २० ग्रॅमवर आणली तर काय होतं? उंदरांचे प्रयोग नकोत, माणसांचे आकडे द्या.

मोजपट्टी:
पहिल्याचं उत्तर: एकूण कर्बोदकांशी नाही, प्रकाराशी थोडा. स्वीडनमधल्या माल्मो अभ्यासात ८,१२८ पुरुषांचा सुमारे १५ वर्षं मागोवा घेतला, त्यात ८१७ जणांना प्रोस्टेट कॅन्सर झाला. २०१२ च्या विश्लेषणात एकूण कर्बोदकांशी संबंध निघाला नाही. केक-बिस्किटं, भात-पास्ता जास्त खाणाऱ्यांत कमी जोखमीचा कॅन्सर अधिक आढळला, तर साखर घातलेली पेयं जास्त पिणाऱ्यांत लक्षणांमुळे सापडलेला कॅन्सर. हा फरक महत्त्वाचा आहे. कमी जोखमीची गाठ बऱ्याचदा केवळ पीएसए तपासला म्हणून सापडते, त्यामुळे कोण किती तपासण्या करून घेतो याची सावली त्या आकड्यांवर पडते. लक्षणांनी उघड झालेल्या कॅन्सरबाबत हा घोळ कमी. तरी हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही.

आणि 'साखर पोसते' हे वाक्य प्रोस्टेटला तर फारसं लागू पडत नाही. निरोगी प्रोस्टेटच्या पेशी जस्त साठवतात. जस्तामुळे अकोनिटेज हे विकर अडतं आणि सायट्रेट (पेशीच्या ऊर्जाचक्रातला एक घटक) जळण्याऐवजी साचतं. कॅन्सर झाला की जस्त घटतं, सायट्रेट जळू लागतं, आणि सुरुवातीच्या गाठी इंधन म्हणून मेदाम्लांवर बऱ्याच विसंबतात. म्हणूनच ग्लुकोजवर आधारलेल्या एफडीजी पेट स्कॅनमध्ये त्या नीट दिसत नाहीत आणि पीएसएमए पेट (प्रोस्टेट पेशींवरचं एक प्रथिन शोधणारा स्कॅन) वापरावा लागतो.

उलटतपासणी:
मग इन्सुलिनचं काय? इन्सुलिन वाढलं की आयजीएफ-१ ला (पेशींच्या वाढीला चालना देणारं संप्रेरक) बांधून ठेवणारं एक प्रथिन घटतं, हा मार्ग तर मान्य आहे. पण तसं असेल तर मधुमेहींत प्रोस्टेट कॅन्सरचं निदान कमी का होतं?

मोजपट्टी:
मधुमेह जुना झाला की स्वादुपिंड थकतं आणि इन्सुलिन उतरतं. टेस्टोस्टेरॉनही कमी असतं. पीएसए कमी भरत असल्याने बायोप्सीपर्यंत कमी जण पोचतात. तीन धागे एकत्र गुंतलेत, त्यामुळे इन्सुलिनच्या बाजूने किंवा विरुद्ध, दोन्हीकडे हा पुरावा कच्चाच. लठ्ठपणाचं तसं नाही: पुढच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कॅन्सरशी त्याचा संबंध भक्कम मानला जातो.

दुप्पट काळ:
दुसऱ्या प्रश्नावर थेट चाचणी झालेली आहे (२०२० मध्ये प्रसिद्ध). पीएसए चढत असलेल्या पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला ६ महिने रोज २० ग्रॅमपर्यंतच कर्बोदकं, दुसऱ्याला नेहमीचा आहार. पहिल्या गटाचं वजन १२.१ किलोने घटलं, दुसऱ्या गटात अर्धा किलो. पीएसए दुप्पट व्हायचा काळ (जितका लांब तितका चांगला) २१ महिने विरुद्ध १५, म्हणजे संख्याशास्त्रानुसार फरक नाही. नंतर रक्त घट्ट होण्याचा परिणाम हिशोबात धरला, तेव्हा २८ विरुद्ध १३ निघाले. पण हे विश्लेषण मागाहून केलेलं, त्यामुळे पुढच्या चाचणीचं कारण एवढंच त्याचं वजन.

रक्त घट्ट होण्याची ही बाब मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी. ग्लायकोजेनच्या (शरीरात साठवलेल्या कर्बोदकांच्या) दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं तोडली की ते निघून जातं आणि तेवढंच पीएसए कमी द्रवात मोजलं जातं. उदाहरण: ६ महिन्यांत १.०० चं १.४० झालं, तर दुप्पट काळ १२.४ महिने. केवळ रक्त घट्ट झाल्याने दुसरा आकडा ५ टक्के वाढून १.४७ आला, तर तोच काळ १०.८. गाठ तिथेच, घबराट मात्र वाढली! म्हणून आहार बदलण्यापूर्वीचा पीएसए हाताशी ठेवा, पहिल्या काही आठवड्यांत तपासणी टाळा, पीएसएसोबत हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचं प्रमाण) करा, प्रयोगशाळा तीच ठेवा आणि दोन आकड्यांवर निष्कर्ष काढू नका, किमान तीन हवेत.

गोळ्यांची डबी:
कुणी २० ग्रॅमवर जाणार असेल तर आधी औषधं बघा. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (मधुमेहाच्या गोळ्यांचा एक गट) चालू असेल तर मात्रा न उतरवता कर्बोदकं तोडणं म्हणजे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येणं. मधुमेहाच्याच एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्यांवर आणखी फसवं होतं: साखर जवळपास ठीक दिसते आणि किटोॲसिडोसिस (किटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) होतो. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणं आली तर ग्लुकोमीटरवर विसंबू नका, रक्तातले किटोन तपासून तातडीने उपचार घ्या. हार्मोन रोखण्याचे उपचार चालू असतील तर स्नायू आधीच झिजत असतात. तिथे घटलेल्या वजनात स्नायू किती गेला हे पाहावं लागतं, म्हणून प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम सोडू नये.

रिकामी ताटली:
म्हणजे ज्याला आजार नाही त्याने नेमकं काय काढावं?

मोजपट्टी:
गोड पेयं. ३३० मिलीच्या कोलात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. २,००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेल्या साखरेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० ग्रॅम, जमल्यास २५. डाळी आणि अख्खी धान्यं काढायचं कारण या पुराव्यात नाही. आणि 'प्रोस्टेटसाठी' म्हणून ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नका: ३५,५३३ पुरुषांच्या सिलेक्ट नावाच्या चाचणीत रोज ४०० आययू (मात्रा मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक) घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला.