सोलापूरच्या फोटोग्राफरला ऑनलाइन ग्रुपांनी काय दिलं? कामं की नुसते लाइक?

होममैदानकर
गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेचे, फोटो ऑनलाइन चढायला लागले की दरवर्षी आमच्या मित्रांत हाच वाद पेटतो: एवढं टाकून मिळतं काय? म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. सोलापुरात बसून फोटोग्राफरला बाहेरची ओळख मिळायची तर आज ती ऑनलाइनच मिळते, आणि त्यातून कामंही येतात. पण लाइक मोजत बसणाऱ्याला येत नाहीत. फोटोखाली नीट लिहिणाऱ्याला येतात.

यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी कॅमेऱ्यांचीच यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, वर नंदीध्वजांच्या उंच काठ्या, सगळ्यांची फ्रेम उन्नीस-बीस सारखीच. त्यातले बहुतेक फोटो दोन हात जोडलेल्या इमोजीवर सुटतात. मी खाली लिहितो की सातांपैकी हा कितवा नंदीध्वज, मिरवणूक कुठल्या रस्त्यावर आहे, विधी कुठला चाललाय. यात्रांवर अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या एका बाईंना शोधता शोधता माझा फोटो सापडला तो या ओळींमुळे. पुढच्या वर्षी मानधन ठरवून त्यांनी पूर्ण यात्रेचं काम दिलं.

दुसरं काम टॉवेलचं. इथल्या एका टेरी टॉवेल कारखानदाराला निर्यातीच्या कॅटलॉगसाठी फोटो हवे होते. मी टाकलेले यंत्रमागाचे फोटो बघून त्यांचा फोन आला. टॉवेलवर समोरून फ्लॅश मारला की धाग्यांचे सगळे लूप सपाट होतात, जाड टॉवेलसुद्धा पंचासारखा दिसतो. लाइट बाजूने, कापडाला जवळजवळ घासत आणला की प्रत्येक लूपला आपली सावली मिळते आणि जाडी दिसते. रंग शेडकार्डाशी, म्हणजे ठरलेल्या रंगाच्या नमुन्याशी, जुळला नाही तर माल परत येऊ शकतो, म्हणून प्रत्येक सेटअपला ग्रे कार्ड (रंग तपासायचं करडं कार्ड) धरून एक फ्रेम घ्यायची. हे मला तामिळनाडूतल्या करूरच्या एका फोटोग्राफरने ग्रुपात शिकवलं. त्याला मी अजून पाहिलेलं नाही. गावात कुणाला विचारलं असतं?

डार्करूम अण्णा
बाळा, दोन कामं सांगितलास, बरं वाटलं. पण ज्यांना एकही काम आलं नाही ते इथे लिहायला येणार नाहीत, हे पण ध्यानात घे.

माझा स्टुडिओ रोलच्या जमान्यातला. आता लग्नाची पार्टी येते ती मोबाईलवर उदयपूरच्या महालातलं कुणाचं तरी लग्न घेऊन येते. तसंच पाहिजे, आणि बजेट मात्र अशोक चौकातल्या हॉलचं! तुमच्या ग्रुपांनी गिऱ्हाइकाची अपेक्षा वाढवली, माझा रेट होता तिथेच आहे.

आणि शिकण्याचं म्हणशील तर आम्ही स्पर्धेला प्रिंट पाठवायचो. परत आलेल्या प्रिंटच्या मागे निवडीचा शिक्का नसला की कळायचं, कुठेतरी चुकलंय. मग डार्करूममध्ये परत उभं राहायचं. तुमच्याकडे सगळंच ‘झकास’. परवा सिद्धेश्वर तलावाच्या एका फोटोवर अशा झकासांची रांग लागली होती. पाण्याची रेघ एका बाजूला चक्क उतरलेली, एकाने तोंड उघडलं नाही.

विजापूरवेस
अण्णांना माझं मत. शिवाय ही सगळी दुसऱ्याच्या जागेतली टपरी आहे, मालकाने सांगितलं की उठायचं. फ्लिकर ही फोटोंची साइट, ती २००४ साली सुरू झाली तेव्हा खरंच ग्रुप होते, लोक एकमेकांचे फोटो वाचायचे. पुढच्याच वर्षी याहूने ती घेतली. २००८ मध्ये फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेसशी करार झाला, हौशी लोकांचे निवडक फोटो विकायला लागले. केवढी आशा होती! २०१४ मध्ये करार संपला. २०१८ मध्ये मालक बदलून स्मगमग कंपनी आली आणि फुकट खात्याला १००० फोटोंची मर्यादा जाहीर झाली.

इन्स्टाग्रामचं तेच. २०१० मध्ये फोटोंसाठी निघालेलं ॲप, आज रील टाकल्याशिवाय माझा फोटो सख्ख्या चुलत्याला दिसत नाही. त्यांच्या अटी वाचा: फोटो आपलाच राहतो, पण तो वापरायचा जगभराचा परवाना आपण त्यांना फुकट देतो, आणि तो ते पुढे दुसऱ्यालाही देऊ शकतात. काय ओळख ओळख करालाव बे? माझा किल्ल्याचा फोटो एका पेपरने नाव न टाकता छापला. विचारलं तर म्हणाले, नेटवरून घेतला.

जुळेसोलापूरची
विजापूरवेसदादा, अण्णा, तुम्ही दोघं आधीपासून लाइनीत आहात म्हणून हे बोलणं परवडतं. मी कॅमेरा घेतला तेव्हा ‘रात्री उशीर होतो, मुलीला कशाला’ म्हणून एकाही स्टुडिओने असिस्टंट म्हणून घेतलं नाही. पहिलं काम आलं ते बायका फोटोग्राफरांच्या ऑनलाइन ग्रुपातून. कोल्हापूरच्या ताईंना अक्कलकोटच्या लग्नात सेकंड शूटर, म्हणजे जोडीला दुसरी फोटोग्राफर, हवी होती. नवरीच्या खोलीत, हळदीत, साडी नेसताना घरच्यांना बाईच हवी असते. तिथे आम्हाला मागणी आहे, पण आम्ही आहोत हे कळायला आधी कुठेतरी दिसायला लागतं.

ग्रुपातून आणखी एक समजलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन सांगितलेला फोटो असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो मी काढले तरी हक्क पार्टीचा! आता माझ्या बुकिंगच्या कागदावरच लिहिलेलं असतं की हक्क कुणाकडे आणि पेजवर कुठले फोटो जाणार. विजापूरवेस, तुमचा किल्ला तुम्ही स्वतःहून काढला असेल तर तो तुमचाच. नाव आणि पैसे दोन्ही लेखी मागा, नेटवरून घेतला हे काही उत्तर नाही.

माळरानावरचा
तुम्ही सगळे माणसांच्या फायद्याचं बोलताय. मी नान्नजकडे फिरणारा. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ चं, आणि आज माळढोकच दिसणं दुर्मीळ. उरलेत काळवीट, लांडगे, तणमोर पक्ष्याची आशा. एकाने लांडग्याच्या पिल्लांचा फोटो टाकला, खाली कौतुकाबरोबर पहिला प्रश्न ‘लोकेशन?’. रविवारी गुहेपुढे गाड्या. मादीने पिल्लं हलवली.

पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ई-बर्डवर संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा लपवतात, सगळ्या जीवांच्या नोंदींच्या आयनॅचरॅलिस्टवर धोक्यातल्या प्राण्यांचं ठिकाण मुद्दाम धूसर करतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात मात्र सरळ पिन येते. वाट्टेल तेवढ्या ओळखी वाढवा, पण घरटं आणि गुहा वगळून.

होममैदानकर
माळरानावरचा, मान्य, आणि माझ्या मुद्द्याला तिथे अपवाद करतो. नंदीध्वजाखाली रस्ता लिहावा, गुहेखाली तालुकासुद्धा लिहू नये. पण अशाच ऑनलाइन नोंदींमुळे हिप्परग्याच्या तलावाला कुठला पाहुणा पक्षी कुठल्या महिन्यात उतरला हे आज बघता येतं. पूर्वी ते चार जणांच्या वहीत राहायचं.

विजापूरवेस, मालक बदलतो म्हणून तर मूळ फाइल आणि गिऱ्हाइकाचा नंबर आपल्याकडे ठेवायचा. करूरवाल्याची ओळख ज्या ग्रुपात झाली तो कधीच बंद पडला. फोन अजून चालू आहे.

अण्णा, झकासवाल्यांचं खरं आहे. मोठ्या ग्रुपात कुणी कुणाला दुखवत नाही. आम्ही सहा-सात जणांनी वेगळा छोटा ग्रुप केलाय, तिथे लाइक द्यायचा नाही, फक्त खोट काढायची. तलावाचा तो फोटो तिथे टिकला नसता.

डार्करूम अण्णा
मग त्या छोट्या ग्रुपाला ग्रुप म्हण, मोठ्याला बाजार. आता एकच सांग. टॉवेलच्या कामाचे घेतलास किती?

होममैदानकर
फोटोमागे नाही, दिवसाप्रमाणे घेतले. आकडा इथे लिहिला तर उद्या कुणीतरी हजार कमी करून माझ्याच कारखानदाराकडे जाईल, अण्णा.

डार्करूम अण्णा
हेच तर म्हणालोय! प्रकाश कसा टाकायचा ते परराज्यातला माणूस सांगतो, आणि गावातल्या गावात रेट सांगायला भ्या वाटतं. ग्रुपांनी कसली आलीये जोडणी?

जुळेसोलापूरची
आमच्या ग्रुपात रेट उघड लिहितात, अण्णा. सेकंड शूटरचा दिवसाचा किमान आकडा ठरलेला आहे, कुणी त्याखाली गेलं की तिला सगळ्यांसमोर झापतात. मीही एकदा झापलंय.

विजापूरवेस
त्यात बाप्यांना घेता का?