रात्रीच खाज सुटते, घामोळं की दुसरं काही?

चिऊची आई: मुलगी साडेतीन वर्षांची आहे, मे महिन्यात अंगावर बारीक पुरळ आलं तेव्हा घामोळं म्हणून सोडून दिलं, आमच्या अकोल्यात उन्हाळ्यात घामोळं कुणाला नसतं. पण आता पाऊस पडून गारवा आलाय तरी जात नाहीये, उलट बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती आणि चड्डीच्या इलास्टिकपाशी वाढलंय. दिवसा मस्त खेळते, रात्री झोपेत कराकरा खाजवते नि रडत उठते. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, ती लावली की लाली कमी होते, बंद केली की परत तेच. सासूबाई म्हणतात रक्त खराब झालंय, कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घाल. आणि आता ह्यांनाही हाताला खाज सुटलीये. डॉक्टरांकडे नेणारच आहे, पण कुणाला अनुभव आहे का?

ओपीडीतली सिस्टर: ताई, न बघता खात्रीने नाही सांगता येत, पण तुम्ही लिहिलेल्या जागा वाचून पहिला संशय खरजेचाच येतो. घामोळं मान, पाठ, कपाळ, काखा अशा घाम साचतो तिथे येतं आणि गार वाटायला लागलं की काही दिवसांत जातं. बेचकं, मनगट, बेंबी, कंबर, रात्री वाढणारी खाज आणि घरातल्या दुसऱ्यालाही सुरू, हे सगळं एकदम आलं की खरूज. बारीक किडा कातडीत बीळ करतो आणि अंडी घालतो, डोळ्यांना दिसत नाही. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात, म्हणून आज ज्याला काहीच होत नाही त्यालाही लागण असू शकते.

उपचार बहुतेक ५ टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम असतं. आणि चुकतं ते इथेच, लोक फक्त पुरळावर लावतात. ते रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेचक्यात, जांघेत सगळीकडे लावायचं, ८ ते १४ तास ठेवून सकाळी धुवायचं, हात धुतले तर हातांना परत लावायचं. लहान बाळांना डोकं नि चेहऱ्यालाही लागतं, डोळे-तोंड सोडून, पण ते डॉक्टर सांगतील तसंच. साधारण आठवड्याने दुसऱ्यांदा. आणि घरातले सगळे एकाच रात्री, खाज असो नसो, सासूबाईसुद्धा 😀

सांगलीकर: सिस्टरशी सहमत. फक्त त्या ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन असलं काही लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइडं, लाली दाबतात पण किडा तसाच राहतो आणि पुरळाचं रूप बदलल्यामुळे डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. नायट्यावर तर अशी स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की गोल कडा जाऊन तो वेडावाकडा पसरतो. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत अशी ट्यूब फ्रिजच्या वर पडलेली असते, कुणाला काहीही झालं की तीच. डॉक्टरांकडे जाताना ट्यूब सोबत न्या.

मावशी६१: आमच्या लहानपणी गंधकाचं मलम चोळायचे, वास इतका की शाळेत कुणी शेजारी बसायचं नाही. कडुनिंबाने गार वाटतं खरं, पण किडा मरत नाही गं. आणि घासणीने घासू नकोस, त्वचा सोलवटते. नखं मात्र आजच काप.

चिऊची आई: धन्यवाद सगळ्यांना 🙏 ट्यूबवर क्लोबेटासोलच लिहिलंय. गाद्या-उश्या सगळ्या धुवायच्या का, एवढ्या पावसात वाळणार कशा? आणि जाऊबाई पाच महिन्यांच्या गरोदर आहेत, एकाच घरात राहतो.

ओपीडीतली सिस्टर: गाद्या नाही. मागच्या तीन-चार दिवसांत वापरलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल, कपडे गरम पाण्यात धुवा, शक्य असेल ते उन्हात नाहीतर इस्त्री. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा, माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांच्या वर सहसा टिकत नाही. जाऊबाईंना पर्मेथ्रिन देतात, पण त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि खरजेवरची आयव्हरमेक्टिनची गोळी कुणी देऊ केली तर त्यांनी नाही घ्यायची. चिऊलाही वजन १५ किलोच्या खाली असेल तर ती गोळी साधारण देत नाहीत.

औषधानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहते, म्हणून घाबरून रोज रोज क्रीम लावत बसू नका. नवीन पुरळ येत राहिलं तर मात्र परत दाखवा. आणि खाजवून पू झालेला असेल, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या असतील किंवा ताप असेल तर आजच न्या. पुढे काही आठवड्यांत लघवी लाल-तपकिरी झाली किंवा तोंड सुजलं तर एक मिनिट थांबू नका, पू करणाऱ्या जंतूंमुळे कधीकधी मूत्रपिंडाला सूज येते.

सांगलीकर: बालवाडीतल्या बाईंनाही सांगा. पहिलं औषध पूर्ण झालं की दुसऱ्या दिवसापासून पाठवता येतं, पण तिथल्या दुसऱ्या पोरांना असेल तर महिन्याने परत हेच.