वॉरंटी संपलेला फोन कंपनीकडे द्यायचा की बाहेर? माझं मत: बाहेर

धागाकर्ता
वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाणं बरोबरच आहे, त्यावर वाद नाही. पण ती संपल्यावरही लोक सवयीने तिथेच जातात, एस्टिमेट ऐकतात आणि चांगला फोन कपाटात टाकून नवा घेतात, हे मला पटत नाही. माझं मुख्य म्हणणं बोर्डाबद्दल, म्हणजे फोनच्या आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीबद्दल (मदरबोर्ड) आहे. सेंटरमध्ये बहुतेक वेळा बोर्ड दुरुस्त करतच नाहीत, बदलतात. एखादा मोहरीएवढा कपॅसिटर (बोर्डावरचा बारीक पार्ट) शॉर्ट झालेला असतो आणि त्यासाठी अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगतात. मेमरी त्या बोर्डावरच असते, म्हणजे बोर्ड गेला की फोटो, नंबर, रेकॉर्डिंग सगळं गेलं, आणि फॉर्मवर तुमची सही आधीच घेतलेली असते की डेटाची जबाबदारी आमची नाही. बाहेरचा चांगला कारागीर मायक्रोस्कोपखाली तोच शॉर्ट शोधतो, तेवढाच पार्ट काढतो आणि तुमचा फोन तुमच्या डेटासकट परत देतो. वॉरंटीच नाही तर ती जाण्याची भीती कशाला?

निळी_शाई
साफ असहमत. "चांगला कारागीर" हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळी अडचण तिथेच आहे, तो चांगला आहे हे ओळखायचं कसं? आणि लोकांचे बोर्ड कमी जातात, डिस्प्ले जास्त फुटतात. बाहेर ओलेड (स्वतःच उजळणारा डिस्प्ले) काढून त्याजागी एलसीडीचा कॉपी कॉम्बो (काच आणि डिस्प्ले एकत्र) टाकतात आणि सांगतात "सेम आहे". सेम नसतो. एलसीडीला मागून लाइट लागतो म्हणून तो जाड असतो, काळा रंग राखाडी दिसतो, आणि ज्या फोनचा फिंगरप्रिंट सेन्सर स्क्रीनखाली असतो त्यात बोट लावून अनलॉक होणं बंद पडतं, कारण तो सेन्सर ओलेडच्या आरपार बघतो, एलसीडीच्या बॅकलाइटमधून त्याला दिसत नाही. फोन उघडला की पाण्यापासून वाचवणारं सील तुटतं ते वेगळंच, नवीन गम नीट लावून प्रेस केला नाही तर आयपी रेटिंग (धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा) फक्त खोक्यावर उरतं.

टाकायचं_नाही
@निळी_शाई कॉपी डिस्प्ले वाईट हे मान्य, पण ओरिजिनल पार्ट बाहेर सहज का मिळत नाहीत हेही विचारा ना. पार्टला सिरियल नंबर देऊन तो बोर्डाशी बांधून ठेवायचा आणि दुसऱ्याने बदलला की स्क्रीनवर इशारा दाखवायचा, हे कंपन्यांनी केलंय. आयफोन ११ पासून डिस्प्ले बदलला की तसा मेसेज येतो, दुसऱ्या आयफोनमधून काढलेला अस्सल डिस्प्ले असला तरी यायचा. त्याआधी "एरर ५३" झालं होतं, होम बटन (त्यातच फिंगरप्रिंट सेन्सर असायचा) बाहेर बदललेले आयफोन अपडेटनंतर सरळ बंद पडले. ऑस्ट्रेलियात त्यावरून खटला झाला आणि २०१८ मध्ये कोर्टाने ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला, कारण बाहेर दुरुस्ती केली म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही. त्यामुळे दोष कारागिरावर ढकलू नका.

निळी_शाई
दोष कुणाचाही असो, फोन माझा आहे आणि तो मला आज वापरायचाय. तत्त्वासाठी मी खराब डिस्प्ले का लावून घेऊ? आणि बॅटरीचं काय? फुगलेली बॅटरी पातळ पत्र्याने उचकटून काढताना सेल पंक्चर झाला तर तिथेच पेट घेते. स्वस्त सेलवर एमएएचचा (बॅटरी किती चार्ज साठवते त्याचा) आकडा वाट्टेल तो छापलेला असतो, आत क्षमता बऱ्याचदा त्याहून कमी असते. बॅटरीच्या बाबतीत मी कंपनीबाहेर जाणार नाही आणि घरच्यांनाही जाऊ देणार नाही.

सोल्डर_आणि_फ्लक्स
हेच काम करतो म्हणून लिहितोय. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. बॅटरी आणि डिस्प्ले कंपनीत मिळत असेल आणि फोन दोन-चार वर्षांचा असेल तर तिथेच करा, मी स्वतः गिऱ्हाइकाला तसं सांगतो. पण चार्जिंग होत नाही, नेटवर्क येत नाही, फोन डेड आहे, पाणी गेलंय, हे बाहेरचं काम. चार्जिंगच्या कितीतरी तक्रारी तर पोर्टमध्ये खिशातला कापूस दाबून बसल्यामुळे असतात, साफ केलं की झालं. बऱ्याच अँड्रॉइडमध्ये चार्जिंगचा सब बोर्ड वेगळा असतो, तेवढाच बदलायचा. पाणी गेलेला फोन तांदळात ठेवू नका हो, तांदूळ आतलं पाणी ओढत नाही आणि तोवर कॉन्टॅक्टवर गंज चढत राहतो. बंद करा, चार्जरला अजिबात लावू नका आणि लगेच आणा, उघडून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवावा लागतो. पाण्याचं काम तर बऱ्याच कंपन्या वॉरंटीतही धरत नाहीत, आतला छोटा पांढरा स्टिकर लाल झालेला दिसला की विषय संपला.
डेटाबद्दल एक. हल्ली मेमरी एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) असते आणि किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते, त्यामुळे नुसती मेमरी काढून दुसरीकडे लावली तर काही वाचता येत नाही. एक तर तोच बोर्ड जिवंत करायचा नाहीतर प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही उचलून डोनर बोर्डवर (त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चांगल्या बोर्डावर) बसवायचे, आणि हे काम एकदा बिघडलं की परत चान्स नाही. म्हणून आधी कुणी हीटगन मारलेला बोर्ड माझ्याकडे आला की मला खरंच वाईट वाटतं, पहिल्या हातालाच नीट दिला असता तर फोटो निघाले असते.

रविवार_दुपार
प्रायव्हसीबद्दल कुणीच बोलत नाहीये? बाहेर दिला की पिन मागतात आणि आपण कागदावर लिहून देतो, त्याच फोनमध्ये बँक आहे, फॅमिली फोटो आहेत. मुलींच्या बाबतीत तर हा फार गंभीर विषय आहे. माझा विरोध फक्त एवढ्यासाठी आहे.

धागाकर्ता
@रविवार_दुपार मुद्दा शंभर टक्के बरोबर, फक्त तो सेंटरलाही तेवढाच लागू आहे, तिथेही माणसंच बसतात. पिक्सेलच्या बऱ्याच फोनमध्ये रिपेअर मोड आणि सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे, तो चालू केला की तुमचा डेटा झाकला जातो आणि टेस्टिंग तरीही करता येतं. नसेल तर सिम काढून घ्या, पिन देऊ नका, काम झालं की समोर उभं राहून स्वतः अनलॉक करून कॅमेरा, माइक, टच सगळं तपासा.
@निळी_शाई डिस्प्लेचं तुमचं म्हणणं मी मान्य करतो. पण युरोपियन युनियनचा नियम बघा, २० जून २०२५ पासून तिथे विकायच्या नव्या फोनसाठी मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही ७ वर्षं सुटे भाग द्यावे लागतात, आणि ते बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांनाही. म्हणजे बाहेरची दुरुस्ती हा जुगाड नाही हे कायद्यानेही धरलंय.

निळी_शाई
तसा नियम सगळीकडे आला आणि पार्ट खरंच मिळायला लागले तर मी बाहेर जाईन. तोवर डिस्प्ले आणि बॅटरी कंपनीतच. बोर्ड डेड झाला आणि आत फोटो अडकले तर मात्र सोल्डरवाल्यांकडे.

सोल्डर_आणि_फ्लक्स
चालेल. फक्त कुठेही दिलात तरी काढलेला जुना पार्ट परत मागा आणि बिलावर पार्टचा ग्रेड लिहून घ्या, ओरिजिनल, काढीव (दुसऱ्या फोनमधून काढलेला) की कॉपी. जो लिहून द्यायला तयार नाही त्याच्याकडे फोन ठेवू नका.