मोटारींच्या मासिकांनी गाड्यांची आवड कशी घडवली?

चिपळूणकर वाचक: आमच्या माळ्यावर मोटारींच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेने पाने एकमेकांना चिकटली आहेत, तरी ती टाकवत नाहीत. गाड्यांची आवड माणसांत आधीपासून होतीच; मग या मासिकांनी तीत नेमकी कोणती भर घातली?

रत्नागिरीकर: त्यांनी विखुरलेल्या हौशी लोकांना एकत्र आणले. ब्रिटनमधले 'ऑटोकार' १८९५ सालचे. पण मला सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले वाटते. १९४८ मध्ये सुरू झालेल्या 'हॉट रॉड'ने कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांवर जुन्या गाड्या सुधारून पळवणाऱ्या तरुणांना प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि त्याचेच संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ड्रॅग शर्यतींची (थोड्या सरळ अंतरावर गाड्या भरधाव पळवण्याच्या शर्यतींची) राष्ट्रीय संघटना स्थापन केल्यामुळे रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यतींना नियमांची चौकट लाभली. संपादकाने एवढी जबाबदारी अंगावर घ्यावी, हे मला फार मोलाचे वाटते.

कणकवलीचा मेकॅनिक: आपल्याकडे 'ओव्हरड्राइव्ह' १९९८ मध्ये आणि 'ऑटोकार इंडिया' १९९९ मध्ये आले. आमच्या गॅरेजमध्ये अंक एक जण विकत घेई आणि दहा जण वाचत. कडांवर ग्रीसचे अंगठे उमटलेले असत. 'टॉर्क' म्हणजे इंजिनाचा चाके फिरवणारा पीळ, हे मी तिथेच वाचले, आणि भरलेली गाडी कशेडी घाटात वरच्या गिअरवर का दम तोडते, हे तेव्हा उमगले.

चिपळूणकर वाचक: आभारी आहे. उघडीप मिळताच पाने अलगद सोडवायला घेतो.