हिचहायकर वाचून हसू येत नाही, माझंच काही चुकतंय का?

लोणच्याची बरणी

मंडळी, आधीच सांगते, मारायला धावू नका. डग्लस ॲडम्सचं 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' तिसऱ्यांदा हातात घेतलं आणि तिसऱ्यांदा साठेक पानांवर बाजूला ठेवलं. भाचा सुट्टीत आला होता तेव्हा हेच पुस्तक वाचून रात्री एक वाजता एकटाच खिंकाळत होता, आई उठून बघायला गेली ह्याला काय झालं म्हणून. मी तेच पान वाचलं तर चेहऱ्यावरची माशी हलली नाही. विनोद कळत नाही असं नाहीये, कळतो, "हं, हुशार आहे लेखक" असंही वाटतं, पण हसू काही फुटत नाही. अख्खी पृथ्वी उडवली आणि त्या नायकाची, आर्थरची, शुद्ध कशावरून हरपते तर आता बर्गर मिळणार नाही यावरून. अशा माणसाबद्दल मला काय वाटायचं? त्यात दर दोन पानांनी गोष्ट थांबवून त्या गाइडमधला, म्हणजे गोष्टीतल्याच प्रवासी माहितीपुस्तकातला, एक निबंध.

विज्ञानकथांचं वावडं नाही, नारळीकर, फोंडके, लोंढे वाचतच मोठी झाले. विनोदीही भरपूर वाचते. दोन्ही एका ताटात आलं की माझं बिनसतं. तुम्हाला कुठली विनोदी विज्ञान कादंबरी खरंच हसवून गेली, आणि कशामुळे? नुसती यादी नको, यादी गूगलपण देतं.

तिरपा डोळा

अहो ताई, त्या बर्गरच्या पुढचंच वाक्य वाचलंत का? क्षणभराने शुद्धीवर येतो तेव्हा तो आईसाठी रडत असतो. पृथ्वी गेली हे डोक्यात मावतच नाही, अमेरिका गेली असं म्हणून बघतो, काही वाटत नाही, न्यूयॉर्क गेलं, तरी नाही, असं करत करत बर्गरपाशी पोचतो तेव्हा कुठे बसतो दणका. मला तर हे पुस्तकातलं सगळ्यात खरं पान वाटतं.

दुसरं म्हणजे हे मुळात पुस्तक नव्हतंच. मार्च 1978 मध्ये बीबीसी रेडिओ 4 वर श्रुतिका म्हणून सुरू झालं, कादंबरी आली 1979 मध्ये. ते गाइडचे निबंध तुम्हाला खटकतात ना, रेडिओवर ते एक वेगळा, एकदम गंभीर आवाज वाचतो, माहितीपटाच्या थाटात, आणि तिथे ते अफाट जमतं. पुस्तक शेवटी धपकन संपतं त्याचीही गोष्ट सांगतात, की ॲडम्स मुदत उलटून गेली तरी लिहीतच होता, शेवटी प्रकाशक म्हणाला आता चालू आहे ते पान पूर्ण कर, आम्ही माणूस पाठवतोय. तर तुम्ही आधी ऐकून बघा.

आणि ती आर्थरचं घर पाडायची नोटीस? नकाशे म्हणे लोकांना बघायला ठेवले होते. कुठे, तर तळघरात, जिथे दिवे नाहीत, जिना नाही, बंद पडलेल्या संडासातल्या कुलूपबंद कपाटात, वर दारावर पाटी 'बिबट्यापासून सावध'. मग तेच पृथ्वीच्या बाबतीत, हरकती नोंदवायच्या होत्या तर पन्नास वर्षं नकाशे लावले होते की, अल्फा सेंटॉरीला, म्हणजे पार दुसऱ्या ताऱ्यापाशी. ज्याने आयुष्यात एकदा सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घेतलंय त्याला हे वाचून हसू येणार नाही? (रडू येईल, तेही चालेल.)

झोपाळू ग्रह

मी ताईंच्या बाजूने. ॲडम्सचं वाक्य फार भारी असतं, पण वाक्यच. अवकाशयानं आकाशात कशी तरंगत होती तर विटा जशा तरंगत नाहीत अगदी तशी. एकदा वाचलं, क्या बात. पण दोनशे पानं तेच चाललं की मला लग्नात एखादा विनोदी मामा शेजारी येऊन बसल्यासारखं होतं, पहिली दहा मिनिटं मजा, मग आपण पाणी आणायच्या निमित्ताने उठतो.

माझं मत स्टॅनिस्लाव लेमला. 'सायबेरियाड', 1965, मूळ पोलिश. तांत्रिकदृष्ट्या कादंबरी नाही, गोष्टींची माळ आहे, पण पात्रं तीच दोन, ट्रुर्ल आणि क्लापाउशियस, दोघं यंत्रं बनवणारे मिस्त्री आणि स्वतःही यंत्रंच, आणि एकमेकांवर जळणारे. पहिल्याच गोष्टीत ट्रुर्ल असं यंत्र बनवतो की 'न' पासून सुरू होणारी कुठलीही वस्तू ते तयार करील. मित्र येतो, दोनचार फालतू मागण्या करतो आणि मग म्हणतो, नाहीपणा कर. यंत्र इमानदारीत जगातल्या एकेक वस्तू गायब करायला लागतं. आधी हसू येतं आणि मग हळूच पोटात गोळा. इथे विनोद काढला तर गोष्टच उरत नाही, हा माझ्या दृष्टीने फरक. ॲडम्समध्ये गोष्ट काढली तरी विनोद शिल्लक राहतात.

दुसऱ्या एका गोष्टीत कविता करणारं यंत्र आहे, त्याला अट घालतात की प्रत्येक शब्द एकाच अक्षराने सुरू झाला पाहिजे. मायकेल कँडेलने इंग्रजीत आणताना अक्षरच बदललं, कविता नवीनच रचली. ह्याचं मराठी व्हायला मोरोपंतच पाहिजेत. त्यांनी निरोष्ठ रामायण लिहिलं, ओठ मिटावे लागतात ती अक्षरं वर्ज्य. म्हणजे प फ ब भ म बाद. म्हणजे रामायणात 'राम' म्हणायची सोय नाही! लेमने हे ऐकलं असतं तर खूश झाला असता.

अडीच चमचे

एवढं सगळं समजावून सांगायला लागतंय म्हणजे विनोद फसला असं आमचे मास्तर म्हणायचे. हलकेच घ्या.

तिरपा डोळा

@अडीच चमचे, मास्तरांना विचारा ते स्वतः कधी हसले होते.

गच्चीवरची दुर्बीण

ताईंना बहुतेक माणसं हवीत, जोक्स नकोत. म्हणून सांगते, कॉनी विलिसचं 'टू से नथिंग ऑफ द डॉग' घ्या, विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळालाय त्याला 1999 मध्ये. 2057 मधला एक इतिहास संशोधक, कालप्रवास करून करून इतका पिंजारलाय की त्याला विश्रांतीसाठी 1888 च्या इंग्लंडात पाठवतात. होडी, नदी, कुत्रा, उन्हाळा. पण तिथे एक काम आहे आणि ते काय हे ह्याला थकव्यामुळे नीट ऐकूच आलेलं नाही! शिवाय कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल, जे 1940 च्या बॉम्बहल्ल्यात गेलं, ते पुन्हा उभारणारी एक बाई आहे, तिला तिथली एक भयाण फुलदाणी हवी म्हणजे हवीच. आपल्याकडे लग्नघरात एक आत्या असते बघा, सगळ्यांना कामाला लावते आणि कुणाची हिंमत होत नाही नाही म्हणायची, तश्शी. हसू येतं ते घोळातून, वाक्यातून नाही. पुस्तकाचं नाव 'थ्री मेन इन अ बोट' ह्या जुन्या विनोदी कादंबरीच्या उपशीर्षकावरून घेतलंय, ती आवडत असेल तर डोळे मिटून घ्या.

फक्त सुरुवातीची चाळीसेक पानं डोकं गरगरतं, कारण निवेदकाचंच गरगरत असतं. साठाव्या पानावर सोडू नका, प्लीज!

अवांतर: ह्यात एक मांजर आहे, नाव प्रिन्सेस अर्जुमंद. अर्जुमंद म्हणजे आपली मुमताज महल.

झोपाळू ग्रह

विलिसबाई चारशेच्या वर पानं घेतात आणि त्यातली शंभर लोक एकमेकांना शोधत फिरतात. पण हो, मजा येते, नाकारत नाही.

लोणच्याची बरणी

बापरे, एवढे प्रतिसाद. तिरपा डोळा, आईसाठी रडतो ते वाक्य मी खरंच वाचलं नव्हतं हो, बर्गरवर चिडून पान उलटलं असणार. आत्ता काढून बघितलं. हसू तरीही नाही आलं, पण आर्थरवरचा राग गेला. रेडिओचं भाच्याला विचारते, त्याच्याकडे असेल.

लेमचं ते 'न' चं यंत्र संध्याकाळी आईला सांगितलं तर ती म्हणाली त्याला म्हणावं नणंद नको करूस. म्हणजे आईला जमतंय, मलाच काहीतरी झालंय.

विलिस मागवलं. गच्चीवरची दुर्बीण, एकच सांगा, ते मांजर शेवटी मरत नाही ना? मरत असेल तर मी नाही वाचणार.

गच्चीवरची दुर्बीण

वाचा हो बिनधास्त. ह्याहून जास्त सांगितलं तर इथले लोक मला हाकलतील.